अक्काच्या गालातला तोबरा

माझी अक्का तंबाखू खायला लागली ती एक गाठ लपवायला. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसू दाबतात. त्यांचंही बरोबर आहे. तंबाखू खाणारा प्रत्येक माणूस काही ना काही सबब सांगतोच. कुणाची दाढ दुखत असते, कुणाचं पोट साफ होत नसतं, कुणाला म्हणे त्याशिवाय कामच सुचत नाही. अक्काने मात्र कधी कुणाला सबब सांगितली नाही. मला कळलं तेही दहा वर्षं उलटून गेल्यावर.

ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचं गाव चाकूरजवळ. अक्का नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा आमच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला. माझा बाप म्हणायचा, "देव गेले, पण भाकरीचा सवाल काय गेला न्हाई." मायला रोज दुसऱ्याच्या रानात जावं लागे, म्हणून मी जन्मले तशी अक्काची शाळा सुटली. चौथी झाली होती तिची. पुढे माझ्या शिक्षणाचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण माझी पाटी तिची पाटी फोडून आली होती हे मला लहानपणीच समजलं होतं. त्याची मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी चिडायचे. हा स्वभाव अजून गेला नाही.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, कंधारकडच्या एका गावात. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती. दाजी, त्यांची आई आणि अक्का, तिघंही खडी फोडायच्या कामावर जायचे. एका दुपारी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकर चावताना अक्काचा हात सहज गालाला लागला. डाव्या बाजूला, खालच्या जबड्याच्या कडेला, हरभऱ्याएवढं काहीतरी टणक होतं. दुखत नव्हतं, हलत नव्हतं. खडीची कपची उडून लागली असेल म्हणून तिने सोडून दिलं. वर्ष-दीड वर्षात ते सुपारीएवढं झालं, आणि गाल बाहेरून फुगलेला दिसायला लागला.

दाखवायचं ना मग कुणाला सरळ, असं आज म्हणणं सोपं आहे. तिच्याच गल्लीतल्या एका सुनेच्या हातावर कोडाचे डाग उठले होते. तिला तिच्या पत्र्याच्या पेटीसकट माहेरी सोडून आले, आणि त्याच वर्षी त्या घरात दुसरी सून आली. ती बैलगाडी अक्काने डोळ्यांनी पाहिली होती. दाजी भला माणूस होता, पण ती दुसरी सून आणणाराही भलाच होता. त्यामुळे अक्का पदर गालावरून ओढून घ्यायला शिकली, आणि कुणाशी बोलायचं झालं तर उजवी बाजू पुढे करायला.

पण सासूसमोर किती दिवस पदर ओढणार? एकदा चुलीपुढे बसलेल्या अक्काकडे सासू बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गालात काय हाय गं तुझ्या? तंबाखू खातीस का चोरून?"

अक्काने आयुष्यात तंबाखूला बोट लावलं नव्हतं. ती म्हणाली, "हाव."

सासूने दोन दिवस तोंडाचा पट्टा सोडला. बाईमाणूस असून, लेकुरवाळी असून, आणि तीही चोरून. अक्काने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. मला हे सांगताना ती म्हणाली होती, "लई हलकं वाटलं माय त्या दिवशी. शिव्या खाल्ल्या, पर घर राहिलं." न केलेला गुन्हा तिने कबूल केला होता, आणि आता तो खरा करून दाखवणं भाग होतं. कामावरच्या बायांकडे तंबाखू असायचीच. भूक मरते म्हणून खायच्या त्या. अक्काने पहिली चिमूट घेतली तेव्हा तिला घेरी आली आणि ती खडीच्या ढिगावर ओकली. दुसऱ्या दिवशी परत घेतली.

पुढे ती तयारच झाली. कमरेला चंची आली, चंचीत चुन्याची डबी आली. सकाळी चूळ भरली की लगेच डाव्या गालात बार भरायचा तो झोपेपर्यंत. गावात तिला तोबरावाली म्हणायचे. लहान पोरंही चिडवायची, आणि तीही त्यांच्यासमोर गाल आणखी फुगवून दाखवायची. मी सुट्टीत तिच्याकडे जायचे तेव्हा मला तिची किळस यायची. मी तसं तोंडावर म्हटलंही होतं. तिने नुसतं हसून पदराने ओठ पुसले होते.

सासूचा राग किती दिवस टिकणार? दुष्काळात दोघी एका फडक्यातली भाकर खात होत्या, मग एका चंचीतली तंबाखूही खायला लागल्या. "दे गं जरा चुना," असं सासू म्हणाली की त्या दिवशी भांडण होणार नाही हे अक्काला कळायचं. दुपारी ओसरीवर दोघी समोरासमोर बसून तळहातावर मळत बसायच्या, आणि त्या घरातली निम्मी शांतता त्या मळण्यात होती.

मग लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. सरकारी कामाला जायचं तर दोन दिवस मोडायचे. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं लागली, कार्यालयांना माणसं लागली, आणि टायपिंगची परीक्षा पास झालेली मी त्यांत कारकून म्हणून लागले. आमच्या घराण्यातली पहिली नोकरी. मी लातुरात एक खोली केली आणि अक्काला आठ दिवस राहायला बोलावलं. तिने माझी खोली शेणाने सारवायचा हट्ट धरला, फरशी होती तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीत तोंड धूत होती. तंबाखू थुंकली, चूळ भरली, परत चूळ भरली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी. म्हटलं, "थुंक की सगळं." ती म्हणाली, "थुकलंय." गाल तसाच होता. मी आधी हसले. मग कप खाली ठेवला आणि तिच्या गालाला हात लावला. कातडीखाली दगड होता.

तिने मला सगळं त्या दिवशी सांगितलं, तिथेच मोरीच्या कठड्यावर बसून. सांगून झाल्यावर म्हणाली, "कुणाला बोलू नको. आता लई दिस न्हाईत माझे, मला मालूम हाय. पोरगी तेवढी मोठी होऊ दे." दहा वर्षं ती बाई मरणार म्हणून जगत होती, आणि मी तिला किळस येते म्हणाले होते.

मी तिला नांदेडला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, जबड्याच्या हाडातला तुकडा काढून तपासायला बाहेरगावी पाठवला. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी कार्यालयात एकही पत्र बिनचूक टाइप केलं नाही. निकाल आणायला आम्ही दोघी गेलो, आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. अक्का बाहेर बाकावर बसली, तोंडावर पदर दाबून.

डॉक्टर म्हणाले, "हाडातली गाठ आहे, पण सौम्य. पसरणारी नाही. हाडच आहे म्हणा ना, जादा वाढलेलं. काढायची तर मोठ्या शहरात जाऊन जबडा कापावा लागेल. नाही काढली तरी जिवाला धोका नाही. फक्त दर सहा महिन्यांनी दाखवत जा."

मी उठलेच होते. ते म्हणाले, "थांबा. गाठीची काळजी करू नका, तंबाखूची करा. गालाच्या आतली कातडी पांढरी पडायला लागली आहे. आजपासून बंद करायला सांगा."

मी हो म्हणून बाहेर आले. अक्काने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून मी एका दमात बोलून गेले, "काही नाही अक्का, साधं हाड आहे. काही होत नाही तुला. शंभर वर्षं जगशील."

ती तिथल्या तिथे रडायला लागली. बाकावरच्या पेशंटनी वळून पाहिलं, कुणाला वाटलं वाईटच बातमी आहे. नांदेडच्या बस स्टँडवर येईपर्यंत ती रडत होती आणि हसत होती. मी चहा घेतला, तिने दोन कप घेतले. मग तिने कमरेची चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि इतकी वर्षं मी तिला तंबाखू मळताना पाहत होते, पण अशी निवांत मळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हा सांगायचं होतं. सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण मला वाटलं, आज नको, आज तिला जरा सुखाने बसू दे. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. दहा वर्षांचं ओझं उतरवणारी मीच होते, आणि लगेच उपदेश करणारी शिकलेली बहीण व्हायला मला नको होतं. उद्या सांगू, म्हटलं. उद्या ती तिच्या गावी गेली आणि मी माझ्या टेबलावर.

त्याऐवजी मी दुसरंच काम मोठ्या हौसेने केलं. निकालाचा इंग्रजी कागद घेतला आणि कार्यालयातल्या मशीनवर त्याचं मराठी करून टाइप केलं. गाठ सौम्य आहे, पसरणारी नाही, जिवाला धोका नाही. सहा महिन्यांनी दाखवणे, हेही घातलं. तंबाखूचं निकालात नव्हतं, ते डॉक्टर तोंडी बोलले होते, म्हणून ते कागदावर आलं नाही. कारकून माणूस, कागदावर जे आहे तेच मी उतरवलं.

तो कागद अक्काने आधी दाजींना वाचून दाखवला. ती अडखळत वाचायची, पण वाचायची. दाजी म्हणाले, "मला वाटलंच हुतं काहीतरी हाय म्हणून. तू बोलत न्हवतीस, मी तरी काय इचारावं." म्हणजे तो माणूस दहा वर्षं तिच्या लपवण्याचा मान राखत होता. मग सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "म्हंजे तव्हा तू खात न्हवतीस?"

"न्हाई."

"मंग मी दोन दिस शिव्या दिल्या त्या फुकटच गेल्या की."

दोघी खूप हसल्या म्हणे. हसून झाल्यावर सासूने चंची पुढे केली. आता लपवायला काही उरलं नव्हतं, पण तंबाखू उरली होती. तिच्याशिवाय अक्काचं डोकं दुखायचं, आणि सासू एकटी मळत बसली असती तर तिला वाईट वाटलं असतं.

सहा महिन्यांनी आम्ही गेलो नाही. आधी सुगी होती, मग सासूचं आजारपण, मग मला रजा नव्हती. सासू गेली. पुन्हा पाऊस रुसला, एक साल, मग दुसरं. बहात्तरसारखा नाही म्हणायचे लोक, पण विहिरी तशाच कोरड्या पडल्या. मी टंचाईच्या टेबलावर होते. कोणत्या गावाला टँकर मंजूर, कोणाची मागणी अपुरी, कोणाचा सरपंच तिसऱ्यांदा आला, हे सगळं माझ्याकडे. सकाळी दहाला बसलेली मी दिवेलागणीपर्यंत मान वर करत नसे, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्याच दिवसांत भाचीचं कार्ड आलं. अक्षर तिचं, बोलणं अक्काचं. "गाल आतून दुखायलंय. तिखट लागून राहिलंय. तू फिकीर करू नको, गाठीचंच असंल." मी लगेच उत्तर लिहिलं. लिहिलं की गाठीची भीती बाळगू नकोस, आपल्याकडे कागद आहे, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, मार्च एंड झाला की मी येते. ते उत्तर मला पाठ आहे. दोन महिन्यांनी दुसरं कार्ड आलं, त्यातही तेच होतं, आणि माझ्या उत्तरातही तेच.

गावात लोक तिला दवाखान्यात जा म्हणत होते, हे मला नंतर कळलं. ती त्यांना माझा कागद दाखवायची. "माझी बहीण जिल्ह्याच्या ऑफिसात हाय. तिनं लिव्हलंय, जिवाला धोका न्हाई."

मार्च झाला, एप्रिल झाला. एका दुपारी दाजी तिला घेऊन एस.टी.ने लातूरला आले आणि थेट माझ्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे राहिले. अक्का अर्धी झाली होती. मी म्हटलं, तोंड उघड. तिने उघडलं तर माझं एक बोट कसंबसं आत गेलं. वास आला. मी फाइल मिटली आणि रजेचा अर्ज न देताच निघाले.

नांदेडला तेच डॉक्टर. त्यांनी मला ओळखलं नाही. चमच्याचा दांडा घालून, बॅटरी मारून, त्यांनी आत पाहिलं. बाहेरून गाठ चाचपली. जुना फोटो मी नेला होता, तो नव्या फोटोशेजारी धरून ते म्हणाले, "ही गाठ तर होती तेवढीच आहे. हे दुसरं आहे. गालाच्या कातडीतून आलंय, तंबाखू ठेवायची जागा तीच. कधीपासून खातात?"

दाजींनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कुणी बंद करायला सांगितलं नाही का?"

दाजी म्हणाले, "न्हाई साहेब, कुणीच न्हाई."

मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. बोलायची ती वेळ नव्हती असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

ज्या हाडाला ती इतकी वर्षं भ्याली, ते बिचारं होतं तिथेच गप्प बसून होतं. कुंपण म्हणून जे घातलं त्यानेच शेत खाल्लं. मोठ्या शहरात नेलं, किरणांचे शेक दिले, तिचे केस आणि चव दोन्ही गेलं. तिथल्या डॉक्टरांनी शेवटी घरी न्या म्हणून सांगितलं. मी बिनपगारी रजा टाकून तिच्या गावी जाऊन राहिले.

ती ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज घ्यायची, चमच्याने, एका वाटीला तास लागायचा. बोललेलं समजायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. भाची दहावीला होती; ती कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटत नसे. गावातल्या बाया यायच्या आणि गाठीला दोष द्यायच्या. कसली मेली गाठ, म्हणायच्या, खाऊन टाकलं बाईला. मी त्यांना काही सांगत नव्हते. त्यांना सांगून काय उपयोग होता? जिला सांगायचं होतं ती समोर पडली होती.

एका दुपारी दाजी टँकरवर पाणी आणायला गेले होते, भाची शाळेत. मी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. म्हटलं, अक्का, डॉक्टर त्या पहिल्या वेळीच म्हणाले होते. तंबाखू बंद कर म्हणून सांगा म्हणाले होते. कातडी पांढरी पडलीय म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही. तू खूश होतीस म्हणून सांगितलं नाही, आणि मग राहून गेलं.

तिने डोळे मिटले. मग तिने माझं मनगट धरून मला खाली ओढलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"तू सांगितलं आसतं तरी म्या सोडली नसती," ती म्हणाली. "लई सवय लागली हुती. तुझा काय कसूर न्हाई."

एवढं बोलायला तिला फार वेळ लागला, आणि प्रत्येक शब्दाला तिचा चेहरा दुखत होता.

मी तिला एकदा लिहिलं होतं की पाणी उकळून प्या, तर गावात जळण मिळत नसतानाही ती पाणी उकळायची. मी म्हटलं होतं, पोरीचं लग्न इतक्यात करायचं नाही, शाळेतून काढायची नाही. दोन स्थळं परतवून लावली तिने, भावकीशी वाकडं घेतलं, आणि सगळ्यांना सांगितलं की माझ्या बहिणीनं सांगितलंय. माझा शब्द तिने आयुष्यात एकदाही मोडला नव्हता. मी सोड म्हटलं असतं तर बस स्टँडवरच तिने तळहात झटकला असता.

हे तिलाही माहीत होतं. मी बरं म्हटलं, आणि वाटी उचलून पेजेचा पुढचा चमचा भरला, कारण ती माझ्याकडे बघत होती, आपलं बोलणं मला पटलं की नाही ते बघत होती.